नऊ त्रिक सत्तावीस

टप्प करून एक बटण फरशीवर पडलं आणि गोल फिरत फिरत कपाटाच्या पायाशी जाऊन लवंडलं.

खिडकीजवळचं शिलाई मशीन झाकण घालून गप्प होतं, टेबलावर दुकानातून आलेल्या शर्टांची चळत जशीच्या तशी होती, आणि एक सहा वर्षांची मुलगी पत्र्याच्या डब्यातली बटणं रंगारंगानं वेगळी करत होती. बटण पडलं तशी दुकानाच्या शर्टांना काजं करून देणारी काजाआजी खुर्चीतून वाकली. बटण गेलं होतं डावीकडे, तिचा हात चाचपत होता उजवीकडे.

"तिकडे नाही गं आजी, कपाटापाशी," मुलगी म्हणाली. पण जागची हलली नाही.

मुलीला न्यायला आलेली तिची आई दारातच उभी होती. तिला ते बघवेना. तिनं आत येऊन बटण उचललं आणि म्हातारीच्या तळहातावर ठेवलं. म्हातारीनं बटणाबरोबर तिची बोटंही मुठीत धरली आणि हसली.

"आलीस का? बघ, तुझी लेक आता माझा डावा डोळा झालीय. पण फार शिस्तीचा डोळा आहे हा. हलतच नाही."

खरंच हलत नव्हती. ज्या पोरीला घरीदारी, शाळेत सगळे भिंगरी म्हणायचे, जी जेवतानासुद्धा दोन घासांमध्ये एक गिरकी मारून यायची, ती पोर गेले पंधरा दिवस अशी मांडी घालून बसायला लागली होती. आईला ते दिसत होतं. त्याचं कारण मात्र तिच्या लक्षात आलं नव्हतं. म्हातारीनं पुढचं बोलेपर्यंत.

म्हातारी काही रडगाणं गात नव्हती. तिनं आपलं बोलता बोलता सांगितलं, की मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर काहीही म्हणोत, कानशिलातली शीर सुजली होती म्हणे, पण शीर काय उगीच सुजते? डोकं ठणकत होतं तरी आपण हट्टानं पोरीच्या नाटकातल्या अंगरख्यावर पानं टाचत बसलो. प्रत्येक पानाला बारीक काजाटाका. डोळ्यांना ताण द्यायचा तरी किती, याला काही सुमार असतो की नाही? "माझीच हौस मला नडली," ती म्हणाली आणि उरलेल्या डोळ्यासमोर सुई धरून तिच्या नेढ्यात दोरा घालायचा प्रयत्न करू लागली. दोरा सुईच्या बोटभर पुढूनच निघून गेला.

भिंगरीनं मान खाली घातली आणि एक हिरवं बटण हिरव्या ढिगात ठेवलं.

पानं टाचल्यामुळे तो डोळा गेला नव्हता. तो कशामुळे गेला, हे त्या खोलीत फक्त तिला ठाऊक होतं.

ती दोन गल्ल्या पलीकडच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. तिथं तिला तिच्या नावानं कुणी हाक मारत नसे. घड्याळबाई म्हणत. हे नाव तिनं कमावलेलं होतं. त्याचं असं झालं, की लॅबमध्ये एक तपासणी असते ईएसआर नावाची. करायला सगळ्यात सोपी आणि म्हणूनच सगळ्यात दुर्लक्षित. रक्तात ते न गोठण्याचं औषध घालून ते उंच बारीक काचेच्या नळीत भरायचं, नळी स्टँडला सरळ उभी करायची, आणि तासभर तिला हात लावायचा नाही. तांबड्या पेशी आपल्या वजनानं हळूहळू खाली बसत जातात, वर पिवळसर पाणी मोकळं होतं. तासानं ते पिवळं किती मिलिमीटर उतरलं ते वाचायचं. बस्स, तो आकडा. शरीरात कुठं काही धुमसत असेल तर पेशी एकमेकींना चिकटतात, जड होतात, भराभर खाली बसतात. कुठं धुमसतंय ते हा आकडा सांगत नाही, पण धुमसतंय एवढं मात्र सांगतो.

यात कसब काही नाही. फक्त थांबायचं. आणि थांबणंच कुणाला जमत नाही. लॅबमधले काका, म्हणजे तिच्या वीस वर्षं आधीपासून तिथं असलेले वरिष्ठ, गर्दीच्या दिवशी अर्ध्या तासाला नळी वाचायचे आणि दुप्पट करून लिहायचे. सगळीकडे चालतं, असं त्यांचं म्हणणं. तिनं नोकरीला लागल्या लागल्या त्यांना हळूच विचारलं होतं, की काका, पहिली दहा मिनिटं पेशी नुसत्या गोळा होत असतात, खाली फारशा जातच नाहीत, खरी घसरण तर नंतर होते, मग दुप्पट कसं बरोबर येईल? काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं होतं आणि म्हणाले होते, "बाई, तू इथं कामाला आलीस की माझी परीक्षा घ्यायला?"

पण तेव्हापासून ईएसआर तिच्याकडे आले. ती टायमर लावायची. ज्या टेबलावर रक्त घुसळणारं मशीन थरथरायचं त्यावर स्टँड ठेवू द्यायची नाही. खिडकीतलं ऊन सरकलं की स्टँड सरकवायची. नळी जराशी तिरकी झाली तरी पेशी काचेवरून घसरगुंडी खेळत खाली जातात आणि आकडा फुगतो, म्हणून तिनं काजाआजीकडून एक पांढरं शर्टाचं बटण मागून आणलं होतं. ते दोऱ्याला बांधून नळीशेजारी लोंबतं सोडायची आणि एक डोळा मिटून नळी त्या दोऱ्याशी जुळवून बघायची. काका त्याला "गवंड्याचा ओळंबा" म्हणून हसायचे. पण कुणी नवीन माणूस आला की तेच सांगायचे, "ईएसआरचं काही विचारायचं असेल तर आमच्या घड्याळबाईला विचारा. तास म्हणजे तास."

तिचा नवरा इमारतींमध्ये वायरिंगची कामं करायचा. कामं लांबलांबच्या गावी असायची, महिन्यातून दोनदा घरी यायचा. तिची सुटी सहाला, मुलीची शाळा एकला सुटायची. एक ते सहा भिंगरी खालच्या मजल्यावर काजाआजीकडे. घड्याळबाई तिला मावशी म्हणायची. नात्याची ना गोत्याची, पण पोरीचे केस कुठं गुंततात, ती झोपताना कुठला कान चोळते, हे म्हातारीला आईइतकंच माहीत होतं.

आणि मग ते झाडाचं आलं.

शाळेत लहान मुलांचं नाटुकलं होतं. ससे, खारी, ढग, आणि मधोमध एक झाड. झाडानं काही बोलायचं नव्हतं, फक्त शेवटपर्यंत न हलता उभं राहायचं होतं. कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे, पण झाड म्हणून निवडलं भिंगरीला. घरी येऊन ती फुरंगटून बसली. वारा आला तर झाड हलतंच की, असा तिचा मुद्दा होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. आईनं तिला जवळ घेऊन सांगितलं, "माझ्या लॅबमध्ये एक नळी असते. ती तासभर हलत नाही. ती हलली तर सगळं चुकतं. तशी उभी राहशील?" मुलीनं डोळे मोठे करून विचारलं, "आणि तू पण हलत नाहीस?" आई म्हणाली, "मी पण हलत नाही. मी थांबते."

त्यानंतर रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात एक झाड उभं राहायचं. आई टायमर लावायची. पहिल्या दिवशी एक मिनिट, मग दोन. जिभेचं टोक बाहेर, एक डोळा टायमरवर. खाली काजाआजी तपकिरी अंगरख्यावर हिरवी पानं टाचत होती. एकेक पान कापून, त्याच्या कडेला काजाटाका घालून. मध्येच कानशील दाबून धरायची. केस विंचरताना तिथं हात लाववत नाही, म्हणाली, आणि काही चावायला गेलं की जबडा भरून येतो. घड्याळबाईनंच मागे लागून तिला गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली. ईएसआर.

आणि नाटकाच्या दिवशी दुपारी म्हातारीचं रक्त काढलं ते घड्याळबाईनं स्वतः. म्हातारी बाही वर करता करता म्हणाली, "पानं कशी दिसतात ते बघून येऊन सांग हो मला. आणि उशीर करू नकोस. माझं रक्त कुठं पळून जातंय?"

नळी लावली तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. नाटक चारला. शाळा चालत पंधरा मिनिटांवर. हे गणित तिला सकाळपासून माहीत होतं. रक्त सकाळीच काढून ठेवता आलं असतं, ते राहिलं. नळी लावून निघायचं आणि काकांना सांगायचं, चार वीसला वाचा, एवढं तरी करता आलं असतं. काका पलीकडच्याच टेबलाशी बसलेले होते.

पण त्या महिन्यात ती दोनदा लवकर गेली होती. एकदा पोरीला ताप होता, एकदा शाळेत पालकांना बोलावलं होतं. दुसऱ्या वेळी काकांनी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "जा जा. आमचं काय, आम्हाला लेकरंबाळं झालीच नाहीत, आम्ही आकाशातून पडलो." सगळे हसले होते, तीही हसली होती, आणि हसताना कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. आज तिसऱ्यांदा तोंड उघडायचं तिच्या जिवावर आलं.

ती नळीसमोर उभी राहिली. तीन चाळीस झाले. वरचं पिवळं नऊ मिलिमीटर उतरलं होतं. वीस मिनिटांत नऊ. तासात वीस मिनिटं तीनदा येतात. लहानपणी तालासुरात म्हटलेला पाढा आपोआप तिच्या ओठांवर आला, नऊ त्रिक सत्तावीस, आणि तिनं रजिस्टरमध्ये सत्तावीस लिहिलं. सही केली. रिपोर्टवर उतरवलं. काकांना म्हणाली, "माझं सगळं झालं, काका. निघू का?" त्यांनी हात हलवला.

आपण काय केलं हे तिला कळलं नव्हतं, असं नाही. तेच तर दुखणं होतं. जे काकांना पहिल्याच महिन्यात ऐकवलं होतं तेच तिनं केलं होतं, आणि त्याहून वाईट केलं होतं. पण रस्त्यावर आल्यावर तिनं पायांना वेग दिला आणि मनाला सांगितलं, मावशींचं वय सत्तर, थोडं इकडेतिकडे झालं तर काय मोठंसं.

नाटकात झाड हललं नाही. ससे एकमेकांवर आपटले, एका ढगानं भोकाड पसरलं, पण झाड हललं नाही. पडदा पडेपर्यंत तपकिरी अंगरख्यात, हिरव्या पानांत, जिभेचं टोक बाहेर काढून भिंगरी उभी होती, आणि तिचे डोळे रांगांमधून आईला शोधत होते. आई दिसल्यावरही ती हसली नाही, फक्त पापण्या दोनदा मिटल्या. घड्याळबाईला इतकं भरून आलं, की शेजारच्या बाईनं तिला रुमाल दिला.

सत्तरीच्या बाईला सत्तावीस म्हणजे काहीच नाही. डॉक्टरीणबाईंनी तसंच सांगितलं, डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हणाल्या. नवव्या दिवशी सकाळी काजाआजीनं मशीनवर शर्ट घेतला तर डावी बाही दिसेना. तिला वाटलं, बाही उसवून पडली. खाली बघितलं तर मशीनची डावी बाजूही नव्हती. मोठ्या हॉस्पिटलात पुन्हा ईएसआर झाला. चौऱ्याण्णव. तिथल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध सुरू केलं म्हणून उजवा डोळा वाचला. डाव्याबद्दल ते म्हणाले, हे आठवडाभर आधी कळलं असतं तर. मग जुना रिपोर्ट बघून म्हणाले, तेव्हा आजार वर आलेला नसेल.

हे सगळं म्हातारीनंच तिला सांगितलं, आणि वर म्हणाली, "तुझ्या लॅबचा कागद बघून ते गप्पच बसले. म्हणाले, लॅब चांगली आहे."

त्या दिवसापासून घड्याळबाई मेल्याहून मेल्यासारखी वावरत होती. म्हातारीसमोर गेली की ओशाळून जायची, तिच्या उजव्या बाजूलाही उभी राहायची नाही आणि डाव्या बाजूलाही नाही, पाठीमागे राहून बोलायची. नवऱ्याला फोनवर सांगायला गेली, पण तो परांचीवरून बोलत होता, घाईत होता, तिनं विषय बदलला. ती रोज ठरवायची, आज सांगू. मग वाटायचं, सांगून डोळा परत येणार आहे का? मग म्हातारी पोरीला आपल्याकडे ठेवील का? नोकरी राहील का? आणि या सगळ्या प्रश्नांच्या तळाशी एकच गोष्ट गाळासारखी बसलेली होती. तिला ते तोंडानं म्हणायची लाज वाटत होती. काकांना विचारायची लाज वाटली म्हणून सुरू झालेलं आता इथवर आलं होतं.

त्या बटणाच्या दिवशी ती मुलीला वर घेऊन आली, दूध दिलं, आणि कपडे आवरायला गेली तर पलंगाखाली तपकिरी अंगरखा बोळा करून कोंबलेला. उलगडून बघितला. त्यावर एकही पान नव्हतं. काजाटाक्याचे दोरे बोथट कात्रीनं कसेबसे कापलेले, दोन ठिकाणी कापडही गेलेलं.

"पानं कुठं गेली गं?"

भिंगरी दुधाच्या पेल्यात बघत राहिली. मग सांगितलं, की ती पानं तिनं आजीच्या बटणाच्या डब्यात तळाशी ठेवली आहेत, रोज थोडी थोडी. सगळी परत केली की आजीनं ती टाचलीच नाहीत असं होईल. आणि मग ती एवढ्याशा आवाजात म्हणाली, "पण आज शेवटचं ठेवलं, तरी आजीला बटण दिसलं नाही."

आई तो अंगरखा हातात घेऊन तिच्याजवळ जाऊन बसली. पंधरा दिवस तिला वाटत होतं, हे ओझं आपलं एकटीचं आहे, आपण गप्प राहिलो तर ते आपल्याचपाशी राहील. ते या पोरीनं आपल्या एवढ्याशा खांद्यावर घेतलं होतं आणि आईला पत्ताही नव्हता. मुलीच्या ओठांवरची दुधाची मिशी तिनं पुसली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेल्या गेल्या तिनं रजिस्टर काढलं. ते पान उघडलं. सत्तावीसवर एक रेघ मारली, खोडून काळं केलं नाही, आकडा खाली वाचता यायला हवा, आणि शेजारी लिहिलं, "तासाचं वाचन घेतलेलं नाही. वीस मिनिटांचं वाचन नऊ, त्याची तिप्पट." खाली सही आणि आजची तारीख.

काका मागे येऊन उभे राहिले होते ते तिला कळलं नाही. त्यांनी वाचलं. मग स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, की असं लिहायचं नसतं, कागद फायलीला लागलाय, पेशंटकडूनही काही तक्रार नाही, मग कशाला? तिनं नुसती मान हलवली. मग त्यांनी चष्मा काढला.

"त्या दिवशी नळ्या मीच धुतल्या," ते म्हणाले. "साडेपाचला. पिवळं शंभराच्या आसपास होतं. वेळ उलटून गेली होती, ते खरं. पण सत्तावीसवाली नळी दोन तासांनीसुद्धा शंभरावर जात नाही, एवढं मला कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, घड्याळबाईचं वाचन आहे. मीच कुठंतरी चुकत असेन."

यावर दोघांनाही एकमेकांकडे बघता येईना. काकांनी चष्मा पुसला, तो स्वच्छच होता. डॉक्टरीणबाईंना उद्या सकाळी आपण दोघं जाऊन सांगू, म्हणाले. उठताना स्टँडला लोंबणाऱ्या दोऱ्याच्या बटणाला त्यांचा हात लागला. ते हलायचं थांबेपर्यंत ते तिथंच उभे राहिले.

संध्याकाळी ती खाली गेली तेव्हा काजाआजी चहा पीत होती. कपाच्या दांड्याचा अंदाज यायचा नाही म्हणून दोन्ही तळहातांत कप धरलेला. भिंगरी नेहमीसारखी मांडी घालून डब्यापाशी. तिला बाहेर पाठवावं का, असा विचार आईच्या मनात आला. पण तिच्यासाठीच तर सांगायचं होतं. ती म्हातारीच्या समोर, जिथून दिसेल अशी, जमिनीवर बसली.

"मावशी, पानांमुळे तुमचा डोळा गेला नाही. माझ्यामुळे गेला."

मग तिनं सांगितलं. वीस मिनिटं, नऊ, सत्तावीस. चारचं नाटक. पलीकडच्या टेबलाशी बसलेले काका, ज्यांना एक शब्द टाकला असता तर पुरलं असतं. खरा आकडा आला असता तर डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात धाडलं असतं. सांगताना तिनं रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि ती रडली नाही. रडली असती तर म्हातारीनं तिलाच जवळ घेतलं असतं, आणि ते तिला घ्यायचं नव्हतं.

काजाआजीनं कप खाली ठेवायला टेबल चाचपलं. भिंगरीनं उठून तो तिच्या हातातून घेतला.

"किती वेळ राहिला होता?" म्हातारीनं विचारलं.

"चाळीस मिनिटं."

"चाळीस मिनिटांत माझ्या दोन शर्टांची काजं होतात," म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. हिशेब करावा तशी ती बोलत होती. "एक काज चुकलं तर दुकानदार अख्खा शर्ट परत पाठवतो. चाळीस वर्षांत माझे तीन आले."

घड्याळबाईनं मान खाली घातली.

"मी स्वतःला शिव्या घालत होते गं," म्हातारी म्हणाली. "मेले, एवढा सोस कशाला करायचास म्हणून. रोज. आणि तू मागे उभी राहून ऐकत होतीस."

तिनं "हो" म्हटलं, कारण तेवढंच खरं होतं.

म्हातारीनं टेबलावरची सुयांची गादी तिच्यापुढे सरकवली. एकेक करून घड्याळबाईनं सगळ्या सुया ओवल्या, पांढऱ्या दोऱ्याच्या बारा, काळ्याच्या बारा, आणि गाठी मारून ओळीनं टोचून ठेवल्या. शेवटची टोचून झाल्यावर ती उठली.

"पोरीला उद्या पाठव," काजाआजी म्हणाली. "तिचा काय दोष? पण तू काही दिवस दारातूनच हाक मार. आत येऊ नकोस. मला आत्ता तुझ्याशी बरं बोलता येणार नाही, आणि वाईट बोलायचं नाहीये."

"बरं, मावशी."

"आणि ए झाडा," म्हातारी भिंगरीकडे तोंड वळवून म्हणाली. ते जरा जास्तच वळलं, मग मागे आलं. "माझ्या डब्यातली पानं काढ बघू. बटणं शोधताना बोटाला अडकतात. कालपासून मी म्हणतेय, हे काय लागतंय."

भिंगरीनं डबा उलटा केला. हिरवी पानं काढून तिनं फ्रॉकच्या ओच्यात घेतली. दारापर्यंत गेली, परत आली, आणि म्हातारीच्या डाव्या गालाला हळूच हात लावून पळाली.

जिना चढताना आईनं तिचा हात धरला होता. बूट नेहमीसारखे उलटसुलट पायांत होते. हात घामेजलेला, लहान, त्याला अजून बटणांच्या डब्याचा पत्र्याचा वास. आईला वाटलं, चला, एक तरी गोष्ट झाली. पोरीच्या मनातलं निघालं. तिनं तसं सांगितलंही, मधल्या पायऱ्यांवर बसून, तिला मांडीवर ओढून. ऐकलंस ना, राणी? पानांमुळे काही झालं नाही. तुझ्यामुळे काही झालं नाही. आई थांबायला हवी होती आणि आई थांबली नाही.

भिंगरी विचार करत होती. ओच्यातलं एक पान उचलून तिनं त्याच्या कडेच्या टाक्यांवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी हळू. ती जराही हलत नव्हती.

"आई," ती म्हणाली, "मी झाड झाले नसते, तर तू थांबली असतीस?"